बाटली खराब आहे, की नुसतीच अनोळखी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भलतीकडे जायला नको. पाच वर्षं तुम्ही मुख्यतः दोनच वाइन पीत आलात. लाल प्यायची तर कॅबर्ने सोव्हिन्यों, पांढरी प्यायची तर सोव्हिन्यों ब्लां. आता त्यांचा कंटाळा आला. म्हणून वर्षभरात कधी नावं न ऐकलेल्या आठ-दहा बाटल्या आणल्या, आणि त्यातल्या निम्म्या तुमच्या मते ‘खराब’ निघाल्या. तुम्हाला हवी आहे कमी प्रसिद्ध पण चांगल्या वाइनची यादी, आणि शेवटी जाता जाता विचारलंय की न आवडलेली बाटली संपवायलाच हवी का.

यादीला तोटा नाही. आज जगात तेराशेहून अधिक द्राक्षजातींपासून विक्रीसाठी वाइन बनते. पण तुमची अडचण नावांची आहे असं मला वाटत नाही. नावं तुम्ही शोधलीत, बाटल्या आणल्यात, उघडल्यात. गाडी अडली ती पहिल्या घोटाला. अनोळखी वाइन तुम्ही ओळखीच्या वाइनच्या मापाने मोजताय, आणि माप चुकीचं असलं की चांगला मालही कमीच भरतो.

हे मी ठामपणे सांगू शकते, कारण हीच चूक मी पगार घेऊन केलेली आहे. वीस-बावीस वर्षं वाइन पाजण्याचं आणि चाखायला शिकवण्याचं काम करतेय, त्यातलं ते दुसरं वर्ष. एका पाहुण्यांनी फ्रान्सच्या ज्युरा भागातली सावन्यां या द्राक्षाची वाइन मागवली. मी बूच काढलं, रीतीप्रमाणे ग्लासात दोन थेंब घेऊन हुंगलं आणि पोटात गोळा आला. सफरचंद कापून तासभर उघडं ठेवलं की जसा वास येतो तसा वास, त्याच्या मागे अक्रोड, आणि त्याच्याही मागे चक्क मेथीदाणे. पांढऱ्या वाइनला असा वास आला की हवा लागून ती कामातून गेली, एवढं शिक्षण माझं झालं होतं. बाटली बाजूला ठेवली, दुसरी उघडली. तिचाही तोच वास. तीही बाजूला ठेवून मी माफी मागायला गेले. पाहुणे हसले आणि म्हणाले, “अहो, ती तशीच असते. ओतून दिली नसेल तर आणा.”

ती तशीच असते, कारण ती तशी केली जाते. पिंपातली वाइन हळूहळू उडून कमी होत जाते. बहुतेक ठिकाणी ती तूट वेळोवेळी भरून काढतात, म्हणजे वाइनला हवा लागत नाही. ज्युरातल्या या पारंपरिक पद्धतीत मात्र पिंप मुद्दाम उणं ठेवतात. मग वाइनवर यीस्टची पातळ साय धरते, तिला तिथले लोक ‘पडदा’ म्हणतात. या पडद्याआडून वाइनला अगदी बेताची हवा मिळते आणि वर्षानुवर्षं तिचा स्वभाव पालटत राहतो. या पद्धतीचा कळस म्हणजे ‘व्हॅं जोन’, पिवळी वाइन. ती कापणीनंतर सहा वर्षांहून जास्त पिंपात राहते आणि ६२ सेंटिलिटरच्या खास बुटक्या बाटलीत भरली जाते. मेथीचा वास हा माझ्या नाकाचा भ्रम नव्हता. सोटोलॉन नावाचं जे द्रव्य मेथीदाण्यांना त्यांचा वास देतं, तेच या वाइनमध्ये तयार होतं. काम आटोपल्यावर मी त्या ‘खराब’ बाटलीतली वाइन पुन्हा घेतली. पहिला घोट तसाच विचित्र. चौथ्या-पाचव्या घोटाला मात्र जाणवलं की ही वाइन फळासारखी लागावी अशी अपेक्षा मी सोडून दिली, तर ती खारट, खमंग, लांबवर रेंगाळणारी आणि फार सुंदर आहे.

तेव्हा तुमच्या त्या चार-पाच बाटल्यांबद्दल मला पहिली शंका हीच येते. त्यातल्या किती खरोखर खराब होत्या आणि किती नुसत्याच अनोळखी?

खरा दोष ओळखायच्या काही खुणा आहेत. बुचामुळे बिघडलेली वाइन ओल्या पुठ्ठ्यासारखी, बंद तळघरासारखी वास मारते. त्याचं कारण ट्रायक्लोरोअनिसोल हे द्रव्य, आणि ते लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी पुरतं. तब्येतीला त्याने काही होत नाही, पण वाइनचं फळ दबून जातं आणि ग्लासात ठेवली की वास वाढतच जातो. उष्णतेत शिजलेली वाइन मुरंब्यासारखी, थकलेली लागते. कधी कधी बूच बाटलीच्या तोंडातून किंचित वर आलेलं दिसतं. व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशचा झणका आला, तर आम्लाचं काम हाताबाहेर गेलंय. उलट काडेपेटीची नुकतीच विझलेली काडी, थोडा गंधकासारखा वास, हा बहुतेक वेळा हवेअभावी आलेला असतो. ग्लास जरा फिरवला, पंधरा-वीस मिनिटं थांबलं की तो उडून जातो. आणि तळाशी काचेच्या बारीक चुऱ्यासारखे खडे दिसले तर घाबरू नका. ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, द्राक्षातलेच. एकदा एका गृहस्थांनी ते पाहून बाटली फुटल्याची तक्रार माझ्याकडे नोंदवली होती.

माझा ठोकताळा असा: दोष असेल तर वाइन वेळ जाईल तशी वाईट होत जाते. अनोळखीपणा असेल तर वेळ जाईल तशी ती उलगडते. याला अपवाद आहेत, पण घरच्या घरी निवाडा करायला हा ठोकताळा पुरतो.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते कबूल करते. तुमच्यापर्यंत बाटली कशी पोचते, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. नाजूक पांढरी वाइन उन्हात तापलेल्या पेटीतून आली असेल तर ती कुठल्या गावची होती याला काहीच अर्थ उरत नाही. कडू आणि तुरट चवी कोणाला किती तीव्र लागतात, हेही माणसागणिक वेगळं असतं. माझ्या वर्गात तीच वाइन एकाला मखमली आणि शेजारच्याला सुकलेल्या चामड्यासारखी लागते, आणि दोघं खरंच बोलत असतात. तुम्ही नुसती पिता की जेवणाबरोबर, यानेही खूप फरक पडतो. आंबट आणि तुरट वाइन नुसत्या प्यायल्या की रागावल्यासारख्या वाटतात, स्निग्ध घास सोबत असला की निवळतात. बाकी चाखणं म्हणजे ढोसणं नव्हे. आम्ही कामावर असताना बहुतेक सगळं थुंकतो, त्यात अपमान कोणाचाच नसतो.

माझ्या सांगण्याचा गाभा एवढाच आहे: अनोळखी वाइनकडे उडी मारू नका, ओळखीच्या वाइनपासून एक पाऊल बाजूला सरका. आणि सरकताना एक गोष्ट तीच राहू द्या.

सुरुवात तुमच्याच दोन बाटल्यांपासून करू. गंमत अशी की त्या दोघींत रक्ताचं नातं आहे. १९९७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या जॉन बावर्स आणि कॅरोल मेरेडिथ यांनी डीएनए तपासून दाखवलं की कॅबर्ने सोव्हिन्यों हे कॅबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां यांचं अपत्य आहे. म्हणजे तुम्ही पाच वर्षं एकाच घरात जेवताय. हे समजलं की एक चव लक्षात येते. हिरव्या ढोबळी मिरचीचा, ताज्या कापलेल्या गवताचा जो वास सोव्हिन्यों ब्लांमध्ये स्पष्ट येतो, तोच थोडा दबून कॅबर्नेमध्येही असतो. मेथॉक्सिपायराझिन नावाची द्रव्यं त्याला कारण. तुम्हाला हा हिरवेपणा आवडतो म्हणून तर या दोन्ही आवडत नसतील ना? हे आधी तपासा, पुढची वाट त्यावर ठरते.

आवडत असेल, तर पहिलं पाऊल सोपं आहे. दुसऱ्या पालकाकडे जा. फ्रान्सच्या ल्वार नदीकाठच्या शिनों, बूर्गय, सोम्यूर-शांपिन्यी या गावांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या लाल वाइन कॅबर्ने फ्रांच्या असतात. कॅबर्नेपेक्षा अंगाने हलक्या, कमी तुरट, पेन्सिल तासल्यासारखा वास, आणि तो हिरवा धागा कायम. तिथून चिलीच्या कार्मेनेअरकडे जाता येतं. तीही कॅबर्ने फ्रांचंच अपत्य. तिची कथा मला सांगायलाच हवी. मूळची फ्रान्सच्या बोर्दोची ही जात चिलीत एकोणिसाव्या शतकात पोचली आणि तिथे मर्लो म्हणून नांदत राहिली. बागाईतदार दोन्ही जातींचे घड एकत्र तोडायचे, आणि कार्मेनेअर मर्लोपेक्षा काही आठवडे उशिरा पिकत असल्यामुळे वाइनमध्ये कच्चेपणा उतरायचा. १९९४ साली फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ झां-मिशेल बुर्सिको यांनी चिलीच्या मळ्यात वेली पाहून ती कार्मेनेअर असल्याचं ओळखलं. मग तिला पुरतं पिकू देऊन वेगळी वाइन करायला लागले. म्हणजे ‘कमी प्रसिद्ध’ काय, तर शंभरेक वर्षं तिला स्वतःचं नावही नव्हतं.

आणि तो हिरवेपणा आवडत नसेल, कॅबर्नेतला काळपट फळांचा गर आणि जिभेला धरणारा तुरटपणाच हवा असेल, तर वाट वेगळी. (तुरट हा किती स्वच्छ शब्द आहे आपल्याकडे. टॅनिन म्हणजे काय ते समजावताना जास्त उकळलेल्या कोऱ्या चहाचं उदाहरण द्यावं लागत नाही.) मग कॉकेशसमधल्या जॉर्जिया देशाची सापेरावी घ्या. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर आतून फिकाच असतो, रंग सालीत असतो. सापेरावीचा गरही लाल असतो, त्यामुळे वाइन इतकी गडद होते की ग्लासातून बोटं दिसत नाहीत. दक्षिण इटलीची आल्यानिको, किंवा उरुग्वेने आपलीशी केलेली तानात, याही याच रांगेतल्या. तानात मात्र पहिल्या दिवशी दात घासल्यासारखी लागू शकते. तिला आधी हवा लागू द्या.

सोव्हिन्यों ब्लांच्या बाजूने बघू. तिथे दोन माणसं एकाच ग्लासात दोन वेगळ्या गोष्टी शोधत असतात. एकाला वास हवा असतो, दुसऱ्याला आंबटपणाची धार. धार हवी असेल तर ग्रीसच्या सांतोरिनी बेटावरची असिर्तिको ही माझी पहिली शिफारस. ज्वालामुखीच्या राखेची जमीन, सतत वारा, पाऊस नगण्य. वाऱ्यापासून वाचावं म्हणून तिथे वेल मांडवावर चढवत नाहीत, जमिनीलगत टोपलीसारखी गोल विणतात आणि घड टोपलीच्या आत वाढतात. एवढ्या उन्हात द्राक्षाचा आंबटपणा सहसा उतरतो, असिर्तिकोचा टिकतो. वास जवळजवळ नाही म्हणा. जिभेवर मात्र लिंबू, खारटपणा आणि ओल्या दगडासारखं काहीतरी. तुम्ही वासाच्या अपेक्षेने गेलात तर ती पाण्यासारखी वाटेल, आणि धारेसाठी गेलात तर सोव्हिन्यों बोथट वाटायला लागेल. ल्वारच्या मुखाजवळची म्युस्काडे हीसुद्धा धारेचीच वाइन, पण शांत. तिच्या लेबलवर ‘सुर ली’ असेल तर हिवाळाभर ती यीस्टच्या गाळावर ठेवलेली असते. त्यामुळे थोडा भरीवपणा येतो.

वास हवा असेल तर अर्जेंटिनाची तोर्रोंतेस. इथे एक धोक्याची सूचना. तिला फुलांचा आणि मस्कट द्राक्षांचा इतका गोड वास येतो की जीभ साखरेची तयारी करून बसते, आणि वाइन बहुधा कोरडी असते. माझ्या वर्गात दर वेळी कोणीतरी ‘फसवलं’ म्हणतं. नाकाने दिलेलं वचन जीभ पाळेलच असं नाही, हे शिकायला यापेक्षा चांगली बाटली नाही.

डोळ्यांचंही तसंच. उत्तर ग्रीसच्या नाउसाची झिनोमाव्रो ग्लासात ओतली की फिकट, विटकरी झाक असलेली दिसते. वाटतं, हलकी असणार. नावाचा अर्थच ‘आंबट-काळी’. तोंडात घेतली की आंबट तर आहेच, वर गालांच्या आतली बाजू आवळून धरते इतकी तुरट. सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या उतारावरची नेरेल्लो मास्कालेझे तशीच फिकट, पण जास्त मनमिळाऊ. रंगाने माणूस किती हलतो याचा पुरावा २००१ साली छापून आला. बोर्दोत वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन चव नसलेल्या रंगाने लाल करून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. ते शिकाऊ होते म्हणून हसायचं कारण नाही. मी दोन बाटल्या नुसत्या वासावर बाद केल्या होत्या.

आता एक इशारा, माझ्याच सांगण्यावर. नात्यागोत्यावरून चव ठरवू नका. सोव्हिन्यों ब्लांचं पालक-अपत्याचं थेट नातं कोणाशी आहे माहीत आहे? सावन्यांशी. तीच, जिच्या बाटल्या मी बाजूला ठेवल्या. वंशावळ दोन पिढ्यांची, आणि चव दोन ध्रुवांवरची, कारण मध्ये ती पडद्याची पद्धत आली. म्हणून पाऊल टाकताना द्राक्ष बदला किंवा पद्धत बदला. दोन्ही एकदम बदललंत की काय आवडलं नाही तेच कळत नाही. ज्युरातसुद्धा पिंप भरून काढलेली, पडद्याविना केलेली सावन्यां मिळते. लेबलवर त्यासाठी ‘उइये’ असा शब्द असतो. आधी ती घ्या. तिचा आंबटपणा तुम्हाला ओळखीचा वाटेल.

‘कमी प्रसिद्ध’ म्हणजे ‘दडलेलं रत्न’ हाही एक भ्रम आहे, आणि तो आमच्या धंद्यातल्या लोकांनीच पसरवलाय. वाइन मागे का राहिली याची कारणं वेगवेगळी असतात आणि ती बघावीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या मुळावरच्या किडीने युरोपचे मळे उजाड केले. मग अमेरिकी खुंटावर कलमं करून नव्याने लागवड झाली. ती करताना अनेकांनी भरघोस आणि भरवशाचं पीक देणाऱ्या जाती घेतल्या, अवघड जाती सोडून दिल्या. इटलीच्या पिएमोंत भागातली तिमोरासो ही अशीच मागे पडलेली. १९८०च्या दशकात वॉल्टर मासा या बागाईतदाराने ती नेटाने वेगळी बाटलीबंद करायला घेतली आणि आज ती जाणकारांच्या ओठांवर आहे. अशा वाइन शोधण्यात अर्थ आहे. काही वाइन हुकूम निघून मागे पडल्या. १३९५ साली फ्रान्समधल्या बर्गंडीच्या फिलिप द बोल्ड या ड्यूकने गामे द्राक्ष आपल्या मुलखातून हद्दपार केलं, आणि ते दक्षिणेला बोजोलेत रुजलं. तिथल्या मोर्गों, फ्लरी अशा दहा नामांकित भागांच्या वाइन आजही किंमतीच्या मानाने फार वरच्या आहेत. काहींचं नाव त्यांच्याच लोकप्रियतेने घालवलं. इटलीची लांब्रुस्को म्हणजे गोडसर फसफसतं सरबत अशी समजूत झाली, त्यामुळे सोर्बाराची फिकट गुलाबी, कोरडी, खणखणीत आंबट लांब्रुस्को कोणी मागतच नाही. पण काही जाती मागे पडल्या त्या योग्यच पडल्या. पातळ, बिनचेहऱ्याच्या, फक्त पिंपं भरायला लावलेल्या. त्यांच्यावर सुंदर चित्राचं लेबल चिकटवलं म्हणून त्या चांगल्या होत नाहीत.

लेबलवर काय बघायचं, तर आधी मद्याचं प्रमाण. ते चवीबद्दल बरंच बोलतं. जर्मनीच्या मोझेल भागातल्या रीसलिंग या पांढऱ्या वाइनवर ८ टक्के दिसलं तर द्राक्षातली सगळी साखर आंबलेली नाही, गोडवा उरलाय, असं समजायला हरकत नाही. लाल वाइनवर १५ दिसलं तर ऊबदार, जड काहीतरी येणार. मग वर्ष. ताजेपणासाठी केलेली साधी पांढरी वाइन पाच वर्षं जुनी असेल तर ती मुरलेली नसून बहुधा विसरलेली असते. आणि बाटलीच्या मागे आयातदाराचं नाव असतं, ते टिपून ठेवा. ही माझी सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली सवय. चांगल्या आयातदाराच्या आवडीनिवडी ठरलेल्या असतात. त्याच्या दोन बाटल्या आवडल्या की तिसरी, कधी न ऐकलेल्या गावची, डोळे झाकून घ्यायला मी तयार असते.

आणल्यावर उघडायची कशी, यात लोक सगळ्यात जास्त घालवतात. पांढरी वाइन थेट थंडगार फ्रिजमधून काढून ओतली की वास गोठलेलाच राहतो. असिर्तिको किंवा चांगली सावन्यां १० ते १२ अंशांवर बोलायला लागते. हलकी लाल वाइन १४ अंशांच्या आसपास हवी, म्हणजे प्यायच्या आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये. जॉर्जियाच्या अंबर वाइनबद्दल तर हे दुप्पट खरं. तिथे जमिनीत पुरलेल्या मोठ्या मातीच्या रांजणात, क्वेव्ह्रीत, पांढरी द्राक्षं सालीसकट आंबवतात. ही पद्धत २०१३ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली, आणि त्या प्रदेशात वाइन बनत असल्याचे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे पुरावे मातीच्या भांड्यांत सापडलेत. साल सोबत असल्याने या पांढऱ्या वाइनला लाल वाइनचा तुरटपणा येतो. आणि तुरटपणा थंडीत कडक होतो. तुमच्या ‘खराब’ बाटल्यांत ‘नारंगी, कडवट, उग्र’ असं वर्णन केलेली एक आहे. मी पैज लावते की ती अंबर वाइन होती आणि तुम्ही ती सोव्हिन्यों ब्लांसारखी गार करून प्यायलात. १४-१५ अंशांवर, लाल वाइनच्या मोठ्या ग्लासात, काहीतरी खाताना पुन्हा घेऊन बघा. चहा, सुकी जर्दाळू, मध आणि शेवटी कोरडा तुरटपणा, असं ते लागायला हवं.

बाटली उघडली की मी एक करते. ३७५ मिलिलिटरची, म्हणजे अर्धी, एक स्वच्छ बाटली घरात ठेवलेली असते. पूर्ण बाटली उघडली की लगेच निम्मी वाइन त्या छोट्या बाटलीत काठोकाठ ओतते, झाकण घट्ट लावते आणि फ्रिजमध्ये ठेवते. काठोकाठ महत्त्वाचं, आत हवेला जागा उरता कामा नये. मग पहिल्या दिवशी उरलेल्या निम्म्यातला एक ग्लास घ्यायचा, वहीत तीन शब्द लिहायचे: वासाबद्दल एक, तोंडात काय झालं याबद्दल एक, आणि गिळल्यावर काय उरलं याबद्दल एक. ‘आवडली’ किंवा ‘नाही आवडली’ लिहायला पहिल्या दिवशी बंदी. तिसऱ्या दिवशी फ्रिजमधली उघडून तेच करायचं. माझ्या जुन्या वह्या चाळल्या तर पहिल्या दिवशीचे शब्द बहुतेक तक्रारीचे आहेत: आंबट, बंद, खरखरीत. झिनोमाव्रोच्या एका नोंदीत पहिल्या दिवशी ‘टोमॅटो, करवत, कोरडं’ आणि तिसऱ्या दिवशी ‘सुके टोमॅटो, गुलाब, लांब’ असं आहे. वाइन थोडी उलगडली असेल, पण जास्त करून मी सरावले होते.

उलट घाई करायला हवी अशी एक वाइन आहे, शेरीतली फिनो. स्पेनच्या हेरेस भागात पालोमिनो द्राक्षाची वाइन मद्य घालून १५ टक्क्यांच्या आसपास आणतात आणि तिच्यावरही यीस्टची साय धरू देतात. तिथे तिला ‘फ्लोर’ म्हणतात. समुद्रकाठच्या सानलुकारला हीच वाइन मान्सानिया होते, अजून नाजूक आणि खारट. मद्य जास्त म्हणून ती टिकेल असं वाटतं आणि लोक उघडी बाटली महिनोन्महिने कपाटात ठेवतात. मग म्हणतात शेरी म्हणजे शिळी. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवावी, आणि घेताना बाटली कधी भरली ते मागच्या लेबलवर दिसलं तर बघावं. सावन्यांच्या पडद्याकडे जायला ही सगळ्यात स्वस्त शिडी आहे. मी आधी फिनोवर नाक तयार केलं असतं, तर त्या संध्याकाळी दोन बाटल्या बाजूला ठेवल्या नसत्या.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. नाही, संपवायलाच हवी असं काही नाही. तिसऱ्या दिवशीही नको वाटली तर ओतून द्या, वाइनचं कर्ज आपल्यावर नसतं. फक्त वहीत का नको ते लिहा, कारण ‘फार तुरट’ आणि ‘फार गोड’ या दोन नकारांवरून पुढच्या बाटल्या दोन वेगळ्या दिशांना जातात.

तुमच्या जागी मी असते तर पुढच्या तीन बाटल्या याच क्रमाने आणल्या असत्या: शिनोंची कॅबर्ने फ्रां, मग असिर्तिको, मग ती अंबर वाइन, या वेळी गार न करता. व्हॅं जोन एवढ्यात नको. ती आणाल तेव्हा चौघांना बोलवा, १४-१५ अंशांवर द्या, आणि कोणी नाक मुरडलं तर बाटलीला बूच लावून ठेवून द्या. हवेची सवय तिला आधीपासूनच असते, उघडल्यावर ती आठवडाभर सहज टिकते. पुढच्या शनिवारी परत ओता.